शेवंती थंडीत तगते, पण कळ्या उमलायच्या आत गोठतात. काय बदलू?

ओली_माती

नमस्कार मंडळी. प्रश्न जमिनीत लावलेल्या शेवंतीचा आहे, कुंडीतल्या नाही. जागा ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. हिवाळ्यात पारा उणे १८ पर्यंत उतरतो. बर्फ पडतो पण टिकत नाही. मधेच वितळून चिखल होतो आणि पुन्हा सगळं गोठतं. पहिलं हलकं फ्रॉस्ट (पारा शून्याखाली जाऊन दव गोठणं) ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि उणे चार-पाचचं दणकेबाज महिनाअखेरीस. माती चिकण, पाणी धरून ठेवणारी.

दोन तक्रारी आहेत.

एक, शरदात फुलांनी भरलेली, घुमटासारखी गोल झाडं आणून लावली तर ती वसंतात फुटतच नाहीत. उपटून पाहिलं की मुळांचा गोळा अजून कुंडीच्याच आकारात असतो.

दोन, एक जुना ठोंब आहे. जात माहीत नाही. एकेरी पाकळ्यांचं, गुलाबी आणि जर्दाळू यांच्या मधल्या रंगाचं फूल. तो दरवर्षी जोमात फुटतो, कमरेपर्यंत वाढतो, पण ऑक्टोबरअखेर कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन रंग दाखवू लागतात न लागतात तोच सगळं काळं पडतं. विचित्र म्हणजे ठोंबाची कुंपणाकडची बाजू आधी रंग धरते, रस्त्याकडची मागे राहते.

सध्याची पद्धत: जुलैअखेरपर्यंत शेंडे खुडते, खत महिन्यातून एकदा सप्टेंबरपर्यंत, आणि पानं वाळली की जमिनीलगत कापून टाकते. आत्ता सप्टेंबरचा मध्य आहे आणि कळ्या मोहरीएवढ्या आहेत. जात बदलू की पद्धत?

---

खुरपं

दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. हिवाळ्यात मुळं जगणं हा एक गुण आणि कडक फ्रॉस्टच्या आत उमलणं हा दुसरा. एकाच जातीत दोन्ही असतीलच असं नाही. तुमचा जुना ठोंब पहिल्या परीक्षेत पक्का आहे, दुसरीत काठावर नापास होतोय. तो टाकू नका. मी आधी त्याच्याबद्दलच लिहितो, कारण तिथे हातात बरंच काही आहे.

शेवंती कळी धरते ती रात्र लांबली की. दिवस साधारण साडेचौदा तासांच्या खाली आला की कळीचा आरंभ होतो, आणि ती कळी पुढे नीट वाढायला दिवस साडेतेरा तासांच्या आत यावा लागतो. जातीप्रमाणे हे आकडे थोडे इकडे-तिकडे होतात. तुमच्या अक्षांशावर पहिला टप्पा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, दुसरा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. सूर्य मावळल्यानंतरचा संधिप्रकाशसुद्धा झाड दिवसातच धरतं, त्यामुळे व्यवहारात ऑगस्टचा मध्य ही सुरुवात समजून चालायला हरकत नाही.

तिथून पुढे फुलायला किती आठवडे लागणार हे जातीच्या रक्तातच असतं. सहा-सात आठवड्यांच्या जाती सप्टेंबरअखेर उघडतात. दहा-अकरा आठवड्यांच्या ऑक्टोबरअखेर. आणि तेरा-चौदा आठवड्यांच्या, म्हणजे काचघरातल्या थोराड फुलांच्या जाती तुमच्याकडे उघड्यावर फुलणारच नाहीत, मुळं जगली तरी. तुमचा ठोंब उघडच दहा-अकराच्या गटातला दिसतो.

आता मेख अशी की हे आठवडे रात्रीचं तापमान १५-१६ अंशांच्या आसपास असताना मोजलेले असतात. त्याखाली कळीची वाढ मंदावते, आणि रात्री पाच अंशांवर आल्या की ती जवळजवळ थांबते. दुसऱ्या टोकाला, ऑगस्टमध्ये दिवसा तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर कळी धरणंच लांबतं. म्हणजे ऑगस्टमध्ये एक आठवडा वाया गेला तर तो ऑक्टोबरच्या थंडीत एका आठवड्यात भरून निघत नाही, जास्त लागतो. म्हणून उशिराच्या जातीत सुरुवातीचे दिवस वाचवायचे.

तुमची जुलैअखेरची खुडणी इथेच नडते. खुडल्यावर बगलेतून जे नवे फुटवे येतात त्यांना थोडी पानं आल्याशिवाय कळी धरता येत नाही. जुलैअखेर खुडलेलं झाड ऑगस्टच्या मध्याला अजून पानंच काढत बसलेलं असतं. जुलैच्या मध्यापर्यंत खुडा असा जो सल्ला सगळीकडे दिसतो तो लांब शरद असलेल्या जागांसाठी ठीक आहे. तुमच्याकडे उशिराच्या जातीची शेवटची खुडणी जूनअखेर, त्यापुढे नाही.

म्हणजे असं: वसंतातले फुटवे १५ सेंमी झाले की वरचा २-३ सेंमी कोवळा शेंडा नखाने मोडायचा. बगलफुटवे १२-१५ सेंमी झाले की दुसऱ्यांदा. हे साधारण जूनच्या उत्तरार्धात बसतं. बस. एवढा व्याप नको असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात अख्खं झुडूप कात्रीने निम्मं करा आणि मग हात लावू नका. फुटवे थोडे कमी येतात पण वेळेत येतात. उंची वाढेल, तर त्यासाठी झाड ३० सेंमीचं असतानाच भोवती फांद्या किंवा जाळी रोवून ठेवा. कोलमडल्यावर बांधलेली शेवंती केरसुणीच्या जुडीसारखी दिसते.

नत्र जुलैअखेर बंद. वसंतात ५ सेंमी कंपोस्ट आणि १०:१०:१० (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं मिश्रखत) चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या आसपास, जूनमध्ये हवं तर त्याच्या निम्मं आणखी एकदा. सप्टेंबरात दिलेलं नत्र पानं लुसलुशीत ठेवतं आणि खोडाचा बुंधा थंडीसाठी पिकत नाही. पाणी मात्र कळ्या असताना तोडायचं नाही. या काळात झाड एकदा जरी चांगलं सुकलं तरी खालची पानं जातात.

---

पानगळ

कुंपणाकडची बाजू आधी आणि रस्त्याकडची नंतर, यात विचित्र काही नाही. रस्त्यावर दिवा आहे का?

शेवंतीला मोजायची असते ती सलग रात्र. मधे उजेड पडला की तिच्या लेखी दोन छोट्या रात्री होतात आणि कळी लांबणीवर पडते. काचघरवाले नको तेव्हा फूल येऊ नये म्हणून हेच मुद्दाम करतात: रात्री दहा ते दोन मंद दिवे लावतात, साधारण १०० लक्स. त्याहून बराच कमी उजेडही संवेदनशील जातींना पुरतो. लाल भाग असलेला, म्हणजे पिवळट-नारिंगी दिसणारा उजेड सगळ्यात जास्त बाधतो. पौर्णिमेच्या चांदण्याने काही होत नाही.

तपासायची सोपी रीत: रात्री ठोंबाजवळ बसून वर्तमानपत्र धरा. मथळे सहज वाचता आले तर जागा वाईट आहे. अंगणातले हालचाल टिपून लागणारे दिवेही विसरू नका. रात्रीतून एक-दोनदा लागले तर फरक नाही, पण मांजरं-गाड्या यांच्यामुळे दर थोड्या वेळाने लागत असतील तर तुटक उजेडसुद्धा सलग उजेडासारखाच काम करतो.

उपाय तीन. ठोंब घराच्या किंवा दाट झुडपाच्या सावलीत, म्हणजे दिव्याच्या सावलीत हलवा. दिवसाचं ऊन मात्र सहा तास हवं. नाहीतर रस्त्याकडच्या बाजूला उंच, पानगळ न होणारं काही लावा. नाहीतर झाकण.

झाकणाबद्दल थोडं सविस्तर, कारण यानेच उशिराची जात दहा-बारा दिवस आधी फुलवता येते. ऑगस्टच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी सातला ठोंबावर काळं, उजेड अजिबात न जाणारं काहीतरी पालथं घालायचं आणि सकाळी नऊला काढायचं. चौदा तास अंधार झाला. मोठा काळा ड्रम, जाड कापडाची दुहेरी खोळ, काहीही चालेल. आत हात घालून बोटं दिसत असतील तर तो अंधार नव्हे. पाचलाच झाकू नका. ऊन तापलेलं असतं, आत भट्टी होते आणि वर खुरपं यांनी लिहिलेला उष्णतेचा उशीर पदरात पडतो. आठवड्यातून एखादा दिवस चुकला तर चालतं, लागोपाठ दोन-तीन चुकले तर केलेलं वाया. कळीवर रंग दिसला की थांबवा.

या वर्षीपुरतं झाकण उपयोगाचं नाही. सप्टेंबरच्या मध्याला तुमच्याकडची रात्र आपोआपच पुरेशी लांब झालेली असते. फक्त दिव्याची बाजू आडोशाने बंद करा, तीही आजच.

---

वाफसा

पहिल्या तक्रारीकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

फुललेलं झाड शरदात लावलं की ते नव्या मातीत मूळ टाकत नाही. त्याची सगळी ताकद फुलात गेलेली असते. शिवाय ही घुमटाकार झाडं एकाच हंगामात विकायची म्हणून वाढवलेली असतात; त्यातल्या अनेक जाती काश्या, म्हणजे जमिनीखालून आडवे जाणारे फुटवे, फारशा काढत नाहीत. आणि पुढच्या वर्षी फुटायचं ते काश्यांमधूनच. शरदात झाड हाती आलं तर बुंध्याची माती बाजूला करून बघा. पांढरट-हिरव्या, बोटभर लांबीच्या आडव्या काश्या दिसल्या तर जगायची आशा आहे. नुसताच एक लाकडी दांडा असेल तर ते झाड गुलदस्ता समजून फुलं संपली की सोडून द्या.

बागेत कायम ठेवायची शेवंती वसंतात लावायची. शेवटच्या कडक फ्रॉस्टनंतर लावलेल्या बोटभर रोपाला शरदापर्यंत पाच-सहा महिने मिळतात. तेवढ्यात काश्या सुटतात आणि मुळं खोल जातात. शरदातच लावायचं असेल तर पहिल्या कडक फ्रॉस्टआधी किमान सहा आठवडे, आणि त्यावरच्या कळ्या सगळ्या काढून. हे कुणालाच जमत नाही, म्हणून वसंतच बरा.

तुमच्याकडे उणे १८ हा खरा शत्रू नाही, चिखल आहे. थंडी सोसणाऱ्या जाती कोरड्या मातीत यापेक्षा जास्त सोसतात. चिकण मातीत पाणी साचतं, बुंधा कुजतो. गोठणं-वितळणं चालू राहिलं की माती फुगते, आकसते आणि झाडाला हळूहळू वर ढकलते. फेब्रुवारीत उघडी पडलेली मुळं दिसली तर तेच झालेलं असतं. तेव्हा तळव्याने दाबून बसवा आणि वर दोन मुठी कंपोस्ट टाका.

म्हणून गादीवाफा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५-२० सेंमी उंच. चिकण मातीत नुसती बारीक वाळू मिसळू नका, थोडीथोडकी वाळू घातली तर ती आणखी घट्ट होते. तिसरा हिस्सा कंपोस्ट किंवा पानांचं कुजलेलं खत, आणि जमलं तर ३-६ मिमीची खडी. खणायचं ते वाफशावर. मूठभर माती दाबून सोडली आणि बोटाने टोचल्यावर फुटली तरच. चिकटून राहिली तर थांबा. सामू (पीएच) ६ ते ६.७ असावा. दोन झाडांत ४५ ते ६० सेंमी अंतर, हे पुढे रोगांसाठीही लागणार आहे.

आच्छादन उबेसाठी घालायचं नसतं, माती एकदा गोठली की गोठलेलीच राहावी म्हणून घालायचं. त्यामुळे घाई करू नका. वरची २-३ सेंमी माती कडक झाली की मग १० ते १५ सेंमी पाइनच्या सुया किंवा पेंढा. रुंद पानं ओली होऊन चामड्यासारखी थापटून बसतात, त्याखाली बुंधा गुदमरतो. आधीच घातलं तर उंदरांची सोय होते. वसंतात एकदम सगळं उचलू नका, फुटवे दिसू लागले की दोन-तीन टप्प्यांत काढा.

आणि शरदात जमिनीलगत कापणं बंद करा. वाळलेले दांडे १५-२० सेंमी तरी राहू द्या, अख्खे ठेवले तर उत्तम. त्यात उडता पाला आणि बर्फ अडकतो, हे फुकटचं पांघरूण आहे. वसंतात खालून हिरवं दिसलं की मग कापा.

---

रानशेवंती

वाफसा यांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण दांडे ठेवण्याला एक अट हवी. पानांवर तांबेरा, काळे डाग किंवा सूत्रकृमी (पानात शिरणारे सूक्ष्म जंत) असतील तर तो सगळा पाला हिवाळाभर बुंध्यावर ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी करून ठेवणं. अशा झाडाची पानं ओरबाडून काढा, नुसते दांडे ठेवा, आणि जमिनीवर पडलेली पानं गोळा करून बागेबाहेर घालवा. कंपोस्टच्या ढिगात नको.

जातींबद्दल. तुमचं वर्णन वाचून "शेफिल्ड पिंक" डोळ्यासमोर येते: एकेरी, जर्दाळू-गुलाबी, मधला डोळा पिवळा, उंची ७५ ते ९० सेंमी, काश्या भरपूर, ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे. नावाची खात्री फुलाशिवाय देता येणार नाही. तीच असेल तर दिवा आणि उशिराची खुडणी हटवल्यावर ती तुमच्या मुदतीत बसायला हरकत नाही. या जातीची उघडलेली फुलं हलकं फ्रॉस्ट सहज झेलतात. मार बसतो तो उणे चारच्या खाली.

तिच्यासारख्याच उशिराच्या आणि चिवट: "मेई-क्यो", बटणाएवढी जांभळट-गुलाबी गच्च फुलं, "एम्परर ऑफ चायना", नळीदार पाकळ्या आणि थंडीत लालसर होणारी पानं, "विल्स वंडरफुल", तांबडी, आत पिवळं कडं. तिन्ही तुमच्याकडे जोखमीच्या. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीलगत लावायची तयारी असेल तरच. रुपेरी किनारीच्या पानांची अजानिया पॅसिफिका इतकी उशिरा येते की तिला पानांसाठीच लावा, फुललीच तर बक्षीस.

खात्रीसाठी एक-दोन लवकरच्या जोडीला ठेवा. "क्लारा कर्टिस" उन्हाळ्याच्या शेवटी गुलाबी फुलते, "मेरी स्टोकर" तिच्या मागून फिक्या पिवळ्या-जर्दाळू रंगात. थंडी आणखी कडक असेल तिथे मिनेसोटा विद्यापीठाची "मॅमथ" मालिका. मुळं उणे तिशीतही तगतात, पण ती लवकर फुलणारी आहे. उशिराचं आणि अतिकडक थंडीचं असं दोन्ही हवं असलं तर निवड फारच आखूड होते.

---

ओली_माती

दिवा आहे! बरोबर त्याच बाजूला, आणि पिवळा. आज प्लायवूडची फळी उभी केली आहे.

आणखी दोन गोष्टी. ठोंबाच्या मधोमध आता काहीच नाही, नुसती लाकडं. फुटवे सगळे कडेने गोल येतात. आणि खालची पानं दरवर्षी ऑगस्टपासून काळी पडून दांड्यालाच लोंबकळत राहतात. पाण्याची कमतरता नाही. हा तांबेरा का?

---

रानशेवंती

तांबेरा पान उलटून ओळखायचा. साध्या तांबेऱ्यात मागच्या बाजूला तपकिरी भुकटीचे फोड असतात, बोट फिरवलं की रंग लागतो. पांढऱ्या तांबेऱ्यात वरून फिकट पिवळट खड्डे आणि मागे मेणचट, पांढरे-गुलाबीसर फोड दिसतात. हा पांढरा प्रकार काही देशांत कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे, तेव्हा तसं दिसलं तर झाड कुणाला देऊ-घेऊ नका.

तुमचं वर्णन मात्र वेगळं वाटतं. पान उजेडासमोर धरा. काळा-तपकिरी भाग शिरांना अडून थांबतो का, म्हणजे दोन शिरांमधला पाचरीसारखा तुकडा काळा आणि शेजारचा हिरवा, सरळ रेषेने कापल्यासारखा? तसं असेल तर पानातल्या सूत्रकृमी. गोल, शिरा ओलांडून पसरणारे डाग असतील तर बुरशी.

सूत्रकृमी ओल्या दांड्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून खालून वर चढतात. म्हणून खालची पानं आधी जातात आणि ती गळून न पडता लोंबतात. फवारणीने घरच्या बागेत हे आटोक्यात येत नाही. करायचं ते इतकंच: पाणी फक्त बुंध्याशी आणि सकाळी, खालची २० सेंमी पानं जूनमध्येच काढून टाकणं, जमिनीवर आच्छादन म्हणजे चिखल उडत नाही, आणि रोपं करताना दांड्याचा फक्त वरचा टोकाचा भाग घेणं. टोकापर्यंत सूत्रकृमी बहुधा पोहोचलेल्या नसतात. नवं रोप जुन्या जागी लावू नका. वाळलेल्या पानांत त्या बराच काळ तग धरतात.

जाता जाता: फूल एका बाजूने खुरटलं, अर्धवर्तुळ झालं तर कोवळ्या कळीला ढेकण्याने टोचलेलं असतं. पाकळ्या रात्रीत कुरतडलेल्या दिसल्या तर कातरकिडे. गवत भरलेलं छोटं मडकं काठीवर पालथं ठेवा, सकाळी साबणाच्या पाण्यात झटका.

---

खुरपं

मधोमध मेलेला ठोंब म्हणजे विभागणी राहून गेली. शेवंती दर दोन-तीन वर्षांनी फोडायचीच. वसंतात फुटवे ५ ते ८ सेंमी झाले की अख्खा ठोंब उपसा, मधलं लाकूड फेका, कडेचे तुकडे घ्या. प्रत्येक तुकड्यात तीन ते पाच फुटवे आणि स्वतःची मुळं हवीत. मुळं असलेली एकटी काशीसुद्धा चालते, उलट तीच जास्त निरोगी झाड देते. शरदापर्यंत एका काशीचं झुडूप होतं. आधी होतं त्याच खोलीवर लावा, खोल पुरू नका.

पण सूत्रकृमी निघाल्या तर विभागणीने त्याही वाटल्या जातील. मग छाट कलम करा. फुटवे १०-१२ सेंमी झाले की वरचा ७-८ सेंमी तुकडा पेऱ्याच्या खाली धारदार पात्याने कापा, खालची पानं काढा, कोकोपीट आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) समभाग भरलेल्या ट्रेमध्ये २ सेंमी खोचा. दांडा मोडताना कट्कन तुटला तर योग्य. वाकून सालीला लटकला किंवा आतून पोकळ निघाला तर जून झालाय, मूळ धरायला रडवेल. १८ ते २० अंशांत, थेट ऊन न लागता, दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. हलकेच ओढल्यावर अडलं की कुंडीत हलवा आणि पहिला शेंडा तिथेच खुडा.

---

पानगळ

फळी लावलीत ते छान. ती जमिनीपासून दिव्याच्या रेषेपर्यंत पुरेशी उंच आहे का ते रात्री ठोंबाच्या बाजूने पाहा. दिव्याचा बल्ब दिसत असेल तर फळी कमी पडतेय.

आता या हंगामापुरतं. ऑक्टोबरात कळीवर रंग दिसू लागला आणि उणे दोन-तीनचा अंदाज आला तर संध्याकाळी काठ्यांवर फ्लीसचं कापड (झाडं झाकायचं हलकं, पांढरं कापड) टाका, कळ्यांना टेकू देऊ नका. दोन-तीन अंश वाचतात. उणे पाचला मात्र ते पुरणार नाही. अशा वेळी ठोंब उपसता येतो, ही शेवंतीची मोठी सोय आहे: कळ्या असतानाही ती हलवलेली सोसते. आदल्या दिवशी भरपूर पाणी, मग बुंध्यापासून २०-२५ सेंमीवरून कुदळ घालून माती न सांडता उचला, बादलीत किंवा मोठ्या कुंडीत बसवा, आणि १० ते १५ अंशांच्या उजेडाच्या खोलीत ठेवा. दिवाणखान्याच्या उबेत नको, कळ्या रंग न भरता फिक्या उघडतात.

जुना मोठा ठोंब उचलणं जमणार नसेल तर दांडे कापून फुलदाणीत घ्या. रंग दिसलेल्या कळ्या पाण्यात उमलतात, हिरव्या गच्च कळ्या नाही. दांड्याचं टोक तिरकं कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा आणि पाणी दर दोन दिवसांनी बदला.